इतिहासाच्या प्राध्यापकाने प्राचार्यपद घ्यावे का?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतील एका अनुदानित महाविद्यालयात तुम्ही सतरा वर्षे इतिहास शिकवत आहात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांच्या मौखिक इतिहासाचे तुमचे काम अर्ध्यावर आले आहे, आणि विद्यमान प्राचार्य निवृत्त होत असल्यामुळे संस्थेने तुम्हाला त्या पदासाठी अर्ज करण्यास सुचवले आहे. पद घ्यावे का, घेतले तर संशोधन उरेल का, आणि इतिहासाचा माणूस त्या खुर्चीत बसल्याने काही वेगळे घडते का, असे तुम्ही विचारता. मी ठाण्यात 1987 पासून बावीस वर्षे इतिहास शिकवला आणि पुढची दहा वर्षे, 2019 मध्ये निवृत्त होईपर्यंत, त्याच महाविद्यालयाचा प्राचार्य होतो, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी भोगलेल्या आहेत.

माझे उत्तर असे की पद घ्यावे, परंतु मौखिक इतिहासाच्या मुलाखतींचे काम आधी उरकावे. ही दोन वाक्ये एकत्र ठेवण्यामागे कारण आहे. कागदावर काम करणाऱ्या माणसाला दहा वर्षे थांबता येते. पुण्याच्या पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तुमच्या निवृत्तीपर्यंत तिथेच राहतील, फार तर कसर लागेल. तुमची साधने माणसे आहेत. सिडकोची स्थापना 1970 मध्ये झाली. त्या वेळी जो विशीत होता आणि ज्याने स्वतः खाचरात नांगर धरला होता, तो आज पंचाहत्तरीत आहे. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, त्या वेळचे तिशीतले कार्यकर्तेही आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. प्राचार्यपदाची पहिली मुदत पाच वर्षांची असते. तेवढ्या काळात तुमच्या यादीतील किती नावे उरतील याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

आता पदाविषयी. नियमांचा भाग तुम्हाला ठाऊक असेल, तरी एका कलमाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही म्हणून सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्राचार्याला पीएच.डी., अध्यापन वा संशोधनाचा एकूण 15 वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त नियतकालिकांतील किमान 10 शोधनिबंध आणि संशोधनाचे किमान 110 गुण लागतात. मुदत 5 वर्षांची, आणि विद्यापीठाने नेमलेल्या समितीने कामाचे मूल्यमापन केल्यानंतर आणखी एकदा 5 वर्षे मिळू शकतात. लक्ष न जाणारे कलम पुढचे आहे: मुदत संपल्यावर प्राचार्याने आपल्या मूळ संस्थेत प्राध्यापक या पदावर परत जायचे असते. आपल्याकडे प्राचार्य झालेला माणूस पुन्हा वर्गावर जाणे हे पदावनती झाल्यासारखे पाहिले जाते, आणि म्हणून हे कलम कोणी मनावर घेत नाही. तुम्ही घ्यावे. तुमचे वय पाहता पाच वर्षांनी तुम्हाला परत येता येईल आणि त्या वेळी हातात अजून बरीच वर्षे असतील. मी दुसरी मुदत घेतली. ती घ्यायला नको होती असे मला आज वाटते, पण ते आज वाटते.

या खुर्चीत इतिहासाचा माणूस काय वेगळे करतो, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. तृतीय वर्षाच्या मुलांना आपण बहिरंग परीक्षण (साधन अस्सल आहे का) आणि अंतरंग परीक्षण (त्यातील मजकूर विश्वासार्ह आहे का) शिकवतो, मुले ते पाठ करून परीक्षेत उतरवतात आणि विसरतात. माझ्या बाबतीत त्या दोन शब्दांचा खरा उपयोग वयाच्या बावन्नाव्या वर्षी, 2011 मध्ये झाला. आमच्या ग्रंथालयातील एक परिचर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावावर आक्षेप आला होता, कारण सेवापुस्तकात 1984-85 मध्ये अकरा महिन्यांचा खंड दाखवला होता. मुख्य लिपिक म्हणाले, ‘सर, जुनी केस आहे, खंड आहे म्हणजे आहे.’ मी सेवापुस्तक घरी नेले नाही, कारण ते नेऊ नये, पण संध्याकाळी सहानंतर कार्यालयातच दिव्याखाली ते पान घेऊन बसलो. नोंदीखाली तारीख 1985 ची होती. शाई मात्र मागच्या-पुढच्या नोंदींपेक्षा वेगळी होती, आणि खालची सही ज्या अधीक्षकांची होती ते आमच्याकडे रुजू झाले 1991 मध्ये, हे त्यांच्याच सेवापुस्तकावरून दिसत होते. म्हणजे नोंद मागाहून, बहुधा पडताळणीच्या घाईत, रिकामी जागा भरायची म्हणून केलेली होती. ती खोटी ठरत नव्हती. फक्त समकालीन नव्हती, आणि समकालीन नसलेल्या साधनाला आपण दुय्यम मानतो.

मग त्या अकरा महिन्यांचे अस्सल साधन शोधणे आले. जिन्यावरच्या माळ्यावर मोडक्या बाकांच्या मागे जुने हजेरीपट गठ्ठ्यांनी पडले होते. दिवस पाळीच्या हजेरीपटात त्या काळात या गृहस्थांचे नाव नव्हते, पण संस्थेच्या रात्र विभागाच्या हजेरीपटात ते नाव आणि रोजची सही होती. जावक नोंदवहीत, त्याच महिन्यात, त्यांना तात्पुरते रात्र विभागात पाठवल्याच्या पत्राचा क्रमांक सापडला. पत्र स्वतः सापडले नाही. तिसरा पुरावा वेतनपत्रकाचा. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन नोंदवह्या एकच गोष्ट सांगत होत्या, तेव्हा साक्षांकित प्रती जोडून मी दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला आणि तो मान्य झाला. शेवटच्या दिवशी त्या गृहस्थांनी ते पान पाहण्याची इच्छा दर्शवली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आपले सेवापुस्तक एकदाही उघडून पाहिलेले नव्हते. वर्षातून एकदा ते कर्मचाऱ्याला दाखवून सही घेण्याची पद्धत आहेच, आमच्याकडे ती बसली नव्हती. त्या वर्षापासून दर एप्रिलमध्ये मी ती बसवली. दहा वर्षांत मी केलेल्या कामांपैकी ज्याचा मला सर्वांत कमी संकोच वाटतो ते हे आहे, आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात त्याला कोणताही रकाना नव्हता.

येथे एक सावधगिरी सांगतो. कागद वाचण्याची ही सवय प्रशासनात फार उपयोगी पडते, आणि तिचे व्यसनही लागते. सुरुवातीच्या दोन वर्षांत माझ्याकडे येणारी प्रत्येक टिपणी मी साधनासारखी वाचत असे: कोणी लिहिली, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, काय लिहायचे टाळले. त्यामुळे फाइली माझ्या टेबलावर साचत गेल्या आणि कार्यालयात असा समज पसरला की नवे प्राचार्य कोणावर विश्वास ठेवत नाहीत. तो समज अगदीच निराधार नव्हता. जेवणाच्या बिलाची टिपणी आणि बखर यांत फरक करायला शिकावे लागते.

याहून कठीण गोष्ट निर्णयाची आहे. आपल्याला पुढे काय झाले हे ठाऊक असते आणि त्या उजेडात आपण पानिपताच्या आदल्या दिवशी भाऊसाहेबांनी काय करायला हवे होते हे मुलांना समजावून सांगतो. प्राचार्याला तो उजेड मिळत नाही. 26 जुलै 2005 रोजी मी उपप्राचार्य होतो आणि प्राचार्य विद्यापीठात बैठकीला गेले होते. सकाळी नेहमीसारखा पाऊस होता, दुपारनंतर त्याने जो जोर धरला तो तुम्हाला आठवत असेल. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर नोंदला गेला. अडीच वाजता माझ्यापुढे दोनच मार्ग होते, दुपारच्या पाळीच्या मुलांना घरी सोडणे किंवा इमारतीत थांबवणे. मी सोडले. साडेतीनच्या सुमारास लोकल थांबल्याचे कळले, फोन लागेनासे झाले, आणि कळवा, मुंब्रा, डोंबिवलीकडची मुले रुळांवरून चालत निघाली. सगळी पोचली, काही जण दुसऱ्या दिवशी दुपारी. पुढच्या आठवड्यात पालकांच्या सभेत मला विचारले गेले की मुलांना थांबवून का घेतले नाही, आणि त्याच सभेत जवळच्या एका शाळेने मुलांना थांबवून घेतल्याबद्दल दुसरे पालक संतापलेले होते. त्या सभेतून परतताना मला प्रथमच जाणवले की मी जवळजवळ वीस वर्षे पेशव्यांच्या कारभाऱ्यांना, फडणीसांना आणि सुभेदारांना किती सहजपणे चुकीचे ठरवत आलो होतो. त्यानंतर माझे लिखाण थोडे बदलले, आणि माझ्या मते सुधारले. उलट बाजूने पाहिले, तर इतिहासाच्या माणसाला दोन्ही बाजू दिसण्याची जी खोड असते ती अडीच वाजता कामाची नसते.

त्या पुरात तळमजल्यावरची अभिलेखांची खोली गुडघाभर पाण्यात गेली होती. दुसऱ्या दिवशी शिपायांनी ओल्या नोंदवह्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकण्याची तयारी चालवली होती, कारण ओले म्हटले की ऊन हा आपला उपाय. ऊन नव्हतेच, ते एक बरे झाले. आम्ही त्या नोंदवह्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पंख्याखाली उभ्या उघडून ठेवल्या, पानांमध्ये कोरे छपाईचे कागद घातले आणि दर दोन तासांनी ते बदलले. उन्हाने कागद आकसतो, वेडावाकडा होतो आणि ओली पाने एकमेकांना चिकटतात. फाउंटन पेनच्या निळ्या शाईतली इतिवृत्ते पसरून गेली, टंकलेखनाच्या कार्बन प्रती मात्र जशाच्या तशा राहिल्या. 2011 मध्ये ज्या नोंदवह्यांनी त्या परिचरांचे निवृत्तिवेतन वाचवले त्या माळ्यावर कशा पोचल्या याचे उत्तर हेच आहे: पुरानंतर खालची जागा नको म्हणून त्या वर टाकल्या गेल्या. प्राचार्य झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही महाविद्यालयाची अभिलेखांची खोली पाहून घ्या. ती खाडीच्या पातळीच्या जवळ असेल तर वरच्या मजल्यावर हलवा आणि लोखंडी मांडणीचा खालचा कप्पा रिकामा ठेवा.

संशोधन उरेल का, याचे प्रामाणिक उत्तर असे की जे दूर आहे ते उरत नाही. माझा पीएच.डी.चा विषय पेशवाईतील कल्याण प्रांताची जकात हा होता आणि त्यासाठी मला पुण्याचे दप्तर लागत असे. प्राध्यापक असताना मी दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटेच्या गाडीने जाऊन आठ-दहा दिवस राहत असे. प्राचार्य झाल्यावर त्या सुट्ट्या राहत नाहीत. उन्हाळ्यात प्रवेश आणि निकाल, दिवाळीत लेखापरीक्षण. दहा वर्षांत मी पुण्याला तीन वेळा गेलो, एकूण नऊ दिवस, आणि जकातीवरचे पुस्तक आजही सात प्रकरणांवर थांबलेले आहे. मोडी वाचनाचा सरावही सुटतो, जसा गाण्याचा सुटतो. लपेटीतील, म्हणजे सलग वळणाने लिहिलेले, अक्षर आधी अंदाजाने आणि मग चुकीचे वाचले जाऊ लागते.

जे जवळ आहे ते मात्र उरते, आणि ठाण्यात राहणाऱ्याला जवळचे पुष्कळ आहे. महाविद्यालयातून घरी जाताना वाटेवर मराठी ग्रंथसंग्रहालय होते, 1893 मध्ये वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले. आठवड्यातून एकदा तिथे तासभर बसणे मी कधी चुकवले नाही. ज्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी जिंकला. त्याच किल्ल्यात 1787 मध्ये पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके 939 चा, म्हणजे इसवी सन 1017 चा ताम्रपट सापडला आणि लगेच पुढे आशियाटिक सोसायटीच्या संशोधनपत्रिकेच्या पहिल्याच खंडात छापला गेला. भारतीय पुराभिलेखांच्या अभ्यासाच्या अगदी आरंभीच्या कागदांत ठाण्याचे नाव आहे, हे ठाण्यातल्या मुलांना ठाऊक नसते. या विषयांवर मी छोटे लेख लिहिले, सात-आठ पानांचे, रविवारी सकाळी. त्यांनी माझे नाव झाले नाही, पण हात चालू राहिला. तुमचे घर बेलापूरला आणि तुमची गावे घणसोली, गोठिवली, तुर्भे, सानपाडा. अंतराच्या बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा सुदैवी आहात.

या वाटेने गेलेल्या मोठ्या माणसांकडे पाहिले तर काय दिसते, याचाही विचार मी पद घेण्याआधी केला होता. यदुनाथ सरकार 1926 ते 1928 कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरचे त्यांचे चार खंड त्यानंतर, 1932 ते 1950 या काळात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या अभ्यासक ड्रू गिल्पिन फाउस्ट 2007 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावर येणाऱ्या पहिल्या स्त्री. युद्धातील मृत्यूंवरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ 2008 च्या आरंभी बाहेर पडला, म्हणजे त्याचे काम खुर्चीच्या आधीचे होते, आणि पुढचे पुस्तक 2018 मध्ये पद सोडल्यानंतर आले. दोन्ही उदाहरणांत पुस्तके पदाच्या अलीकडे किंवा पलीकडे आहेत. आपल्याकडे एक सणसणीत अपवाद आहे, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण. हे मूळचे मुलतानचे. 1922 मध्ये कोल्हापुरात आले, आणि शिवाजी महाराजांवरचा त्यांचा चार भागांचा इंग्रजी ग्रंथ, ज्यात इंग्रज आणि डच दप्तरांतील कागदांचा मोठा वापर आहे, 1932 ते 1940 या वर्षांत, प्राचार्यपदावर असतानाच, प्रकाशित झाला. कोल्हापुरात विद्यापीठ व्हावे हे स्वप्नही त्यांचेच. ते 1962 मध्ये प्रत्यक्षात उतरले तेव्हा पहिले कुलगुरू झाले तेही इतिहासकार, डॉ. आप्पासाहेब पवार. त्यांनी एक वेगळी गोष्ट केली: स्वतः ग्रंथ लिहिण्याऐवजी ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड विद्यापीठातर्फे संपादित करून छापले. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. संपादनाचे काम तुकड्यातुकड्याने होते, त्यात साहाय्यक घेता येतात, आणि संस्थेचे बळ कागदांच्या मागे उभे करता येते. आपल्या ठाण्यात डॉ. दाऊद दळवी यांनी प्राचार्यपद सांभाळून शहराच्या इतिहासावर लिहिले आणि कोकण इतिहास परिषदेच्या उभारणीत पुढाकार घेतला, हेही तुमच्या डोळ्यांसमोर असेल. डॉ. बाळकृष्णांचा दाखला संस्थाचालकांनी तुम्हाला दिला, तर त्यांच्या काळी नॅक नव्हते एवढे सांगून हसून सोडून द्यावे.

संस्थाचालकांचा विषय निघालाच आहे तर स्मरणिकेची गोष्ट सांगतो, कारण प्राचार्य इतिहासाचा आहे म्हटल्यावर संस्थेचा इतिहास लिहिण्याचे काम त्याच्याकडे येणारच. आमच्याकडे एका वर्धापनाच्या निमित्ताने ते आले. सभागृहात संस्थापकांचे जे छायाचित्र लावलेले आहे त्यात पाच जण आहेत. मला मूळ प्रत एका जुन्या सभासदाच्या घरी मिळाली, तीत सहा होते. सहावे गृहस्थ पहिल्या चार वर्षांत मतभेदाने बाहेर पडले होते आणि मागाहून छायाचित्र उजवीकडून कापून चौकटीत बसवले होते. इतिवृत्तांत वादाचा उल्लेख अर्ध्या वाक्याचा होता. मी सहा जणांचे छायाचित्र छापायचे ठरवले तेव्हा एका विश्वस्तांनी मला बोलावून, अतिशय सौजन्याने, विचारले की हे आत्ताच कशाला. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. बाहेर पडलेल्या गृहस्थांच्या आणि राहिलेल्यांच्या कुटुंबांत अजून येणे-जाणे होते आणि त्यांना जुना विषय उकरायचा नव्हता. प्राध्यापक असतो तर मी भांडलो असतो. प्राचार्य म्हणून मी त्या आठवड्यात त्यांच्याकडेच नव्या प्रयोगशाळेसाठी निधी मागत होतो. शेवटी छायाचित्र पाच जणांचेच छापले गेले, आणि शेवटच्या परिशिष्टात मी विश्वस्त नोंदणीच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांची यादी मूळ क्रमाने, काहीही भाष्य न करता दिली. त्या यादीत सहा नावे आहेत. मूळ छायाचित्राची प्रत करून ती ग्रंथालयात दाखल क्रमांकासह ठेवली आहे. हे धाडस होते की तडजोड, हे मला नीट सांगता येत नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर निदान दाखल क्रमांकाशिवाय काही ठेवू नका.

स्वतःच्या विभागाशी वागणे हा आणखी एक अवघड भाग आहे आणि त्याविषयी कोणी आधी सांगत नाही. आपल्या पट्ट्यात वाणिज्य आणि स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांना रांगा लागतात आणि इतिहासाच्या तृतीय वर्षाला मुले मोजावी लागतात. तुम्ही प्राचार्य झालात की तुमच्या विभागातील सहकाऱ्यांना वाटते आता आपले दिवस आले, आणि उरलेल्या सर्वांना वाटते आता इतिहासाचे लाड होणार. माझ्या दुसऱ्या वर्षी विभागातील एक पद रिक्त झाले आणि कार्यभाराची बेरीज ते भरण्याइतकी होत नव्हती. मी तो प्रस्ताव पाठवला नाही. ज्या सहकाऱ्याबरोबर मी अठरा वर्षे एकाच खोलीत बसलो होतो आणि एकाच डब्यातून जेवलो होतो, ते दोन वर्षे माझ्याशी कामापुरतेच बोलले. विभाग टिकला तो मोडी लिपीच्या वर्गामुळे. शनिवारी दुपारी चालणाऱ्या त्या वर्गाला मुलांपेक्षा वकील, जमिनीचे व्यवहार करणारे आणि घरात जुने कागद सापडलेले निवृत्त लोक अधिक येत, पण त्यातून विभागाला महाविद्यालयात एक जागा मिळाली.

अर्थसंकल्प, वेतनेतर अनुदान, आरक्षणाची बिंदुनामावली, महाविद्यालय विकास समितीच्या वर्षातून चार बैठका, या गोष्टी शिकता येतात. त्यांची भीती बाळगू नका. लेखाशास्त्राच्या एका सहकाऱ्याने दोन महिने रोज संध्याकाळी तासभर बसून मला ताळेबंद वाचायला शिकवले. पेशव्यांचा जमाखर्च वाचलेल्या माणसाला तो जड गेला नाही, फक्त तिथे कोणी लेखापरीक्षक येऊन सही मागत नव्हता. शासन निर्णय मात्र स्वतः वाचा, कोणी सांगितलेला अर्थ घेऊ नका. त्यातील ‘संदर्भ’ या शीर्षकाखालची जुन्या निर्णयांची यादी बहुतेक जण वगळतात, आणि नेमके उत्तर पुष्कळदा तिथल्या तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकाच्या कागदात असते.

वर्गाबाबत एक आग्रह धरावा. नेमणुकीच्या वेळीच सांगून ठेवा की आठवड्यातले दोन तास तुम्ही शिकवणार, आणि ते सकाळचे पहिले तास घ्या, कारण साडेनऊनंतरचा प्राचार्याचा वेळ त्याचा नसतो. माझे ते तास पहिल्या मुदतीत टिकले आणि दुसऱ्या मुदतीत, नॅकच्या तयारीच्या वर्षी, एका सहकाऱ्याला तात्पुरते म्हणून दिले ते परत आले नाहीत.

आता तुमच्या हातातल्या वेळाविषयी. जाहिरातीला विद्यापीठाची मान्यता, आरक्षणाची पडताळणी, निवड समिती आणि मग नेमणुकीची मान्यता, यांत आपल्याकडे कित्येक महिने जातात, आणि हा काळ तुमचा आहे. नवी मुंबईसाठी 95 गावांची सुमारे 344 चौरस किलोमीटर जमीन अधिसूचित झाली होती. सगळी गावे तुमच्याच्याने होणार नाहीत आणि होण्याची गरजही नाही. चार-पाच गावे धरा. मुलाखतीला दोन ध्वनिमुद्रक न्या, संमतीपत्र मराठीत आणि मोठ्या अक्षरांत करा, आणि घरातल्या तरुण मुलाला शेजारी बसवा, कारण आजोबा तुम्हाला जे ‘जमीन गेली’ असे एका वाक्यात सांगतात तेच नातवाला सांगताना अर्धा तास बोलतात. मोबदला, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणारे साडेबारा टक्के भूखंड, आंदोलन हे विषय कागदांतही मिळतील. सातबाऱ्यावर भूमापन क्रमांक आहे पण शेताला गावात काय म्हणत ते नाही. कोणत्या खाराला कोणाचे नाव होते, बांध फुटल्यावर गाव कुठे जमत असे, मीठ आगरातून कोणत्या महिन्यात उचलत आणि होडीत कोण भरत असे, हे विचारा. प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल क्रमांकासह. आणि यादी वयाच्या क्रमाने लावून सर्वांत वयस्क माणसाकडे येत्या रविवारीच जा. अर्जाचे कागद आठवड्याच्या मधल्या दिवसांत गोळा होतील.